निदान

आमच्याकडे येणारी बहुतेक माणसे 'फोटो काढायला आलो' असेच म्हणतात. एक्स-रे असो, सोनोग्राफी असो, की त्या अजस्र चुंबकाच्या बोगद्यात निजवून काढायचे एमआरआय असो, सगळे फोटोच. आणि फोटो म्हटला की त्यात जे असेल ते दिसणार, आणि दिसेल ते ओळखता येणार, अशी त्यांची साधी समजूत असते. फोटोतला मामा हा मामाच असतो. तो मामाच आहे ना, हे ठरवायला कुणी त्याचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवीत नाही. तीस-पस्तीस वर्षे मी हे फोटो वाचायचे काम केले. त्यांतले पुष्कळसे लहान मुलांचे होते. या सगळ्या काळात ज्या प्रश्नाने मला अधिकात अधिक छळले तो खरे म्हणजे वैद्यकातला नव्हताच. तो असा : आपल्याला काहीतरी दिसले आहे, पण ते काय आहे हे अजून कुणालाच ठाऊक नाही, अशा वेळी दाराबाहेर बाकावर बसलेल्या आईबापांना काय सांगायचे?

फराळाच्या ताटाशेजारी हा असला विषय वाढल्याबद्दल घरातली वडीलधारी माणसे माझ्यावर रागावतील. पण ज्या घरात मुले आहेत त्या घरातच तो बोलायचा आहे. शिवाय हा नुसता दुखण्याचा प्रश्न नाही. खरे बोलणे म्हणजे काय, हा त्याचा गाभा आहे, आणि तो काही केवळ दवाखान्यातच पडतो असे नाही.

'गाठ' हा आपल्या भाषेतला मोठा लडिवाळ शब्द आहे. लग्नाची गाठ, पदराची गाठ, वाटेत अवचित पडलेली जुन्या मैत्रिणीची गाठ. अंगावरच्या गाठींनाही आपण घरगुती नावे देऊन ठेवली आहेत : आवाळू, अवधाण, बेंड, गळू. मुलाच्या अंगाला तेल लावताना आजीच्या हाताला गाठ लागली, तर ती यांतलीच कुठली तरी असण्याचा संभव फार मोठा असतो. मुलांच्या अंगावरच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हे सर्वांत आधी सांगितले पाहिजे. थोड्या मात्र तशा नसतात. स्नायू, चरबी, मज्जातंतूंची वेष्टने, सांध्यांभोवतालचा मऊ भाग, अशा शरीराच्या मांसल भागांत जो कर्करोग उपजतो त्याला सार्कोमा म्हणतात. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस. मुलांच्या कर्करोगांत शंभरात सहा-सात या जातीचे. त्यांतले निम्म्याच्या आसपास ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा या जीभ अडखळायला लावणाऱ्या नावाचे असतात. स्नायू व्हायला निघालेल्या आणि वाटेतच बिघडलेल्या पेशींची ती गाठ. डोळ्याच्या खोबणीत, नाकाघशाच्या मागे, मूत्राशयात, हातापायांत, कुठेही ती होऊ शकते.

तिची एक वाईट खोड अशी, की पुष्कळदा ती दुखत नाही. दुखले म्हणजे मूल रडते आणि घर जागे होते. न दुखणाऱ्या गाठीला कोण विचारतो? त्यातून मुले पडत-धडपडत असतातच, त्यामुळे प्रत्येक गाठीला एखादे पडणे आठवते. 'झोक्यावरून पडली होती, तेव्हापासून आहे.' पडणे खरे असते, गाठही खरी असते. त्या दोहोंची सांगड मात्र आपण घालतो. कारण मिळाले की माणसाला हायसे वाटते.

आता फोटोविषयी थोडे सांगते. १८९५ च्या नोव्हेंबरात व्युर्ट्सबुर्ग येथे राँटगेनला ते किरण सापडले आणि डिसेंबरात त्याने बायकोच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि त्यांवरची अंगठी त्या चित्रात ठसठशीत आहेत. मांस म्हणजे नुसते भोवतीचे धुके. पुढे कित्येक दशके मांसाचे दैव असेच धूसर राहिले. किरण कसले हे ठाऊक नव्हते म्हणून राँटगेनने त्यांना गणितातल्या अज्ञात राशीचे नाव दिले. मराठीतही आपण क्ष-किरणच म्हणतो. आमच्या धंद्याचा पाया ज्याने घातला त्याने 'मला ठाऊक नाही' हे नावातच लिहून ठेवले, याचा मला नेहमी अभिमान वाटत आला आहे.

सोनोग्राफीचा जन्म तर बॉयलरच्या कारखान्यात झाला म्हटले तरी चालेल. लोखंडात कुठे चीर आहे का हे ध्वनिलहरींनी तपासण्याचे यंत्र तिथे होते. १९५५ साली ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड मोटारीच्या डिकीत शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी भरून रेन्फ्रूच्या त्या कारखान्यात गेले. ताडून पाहायला मांसाचा एक चांगला मोठा तुकडाही तिथे होता. गाठीगाठींचे प्रतिध्वनी वेगळे येतात हे त्यांना दिसले. पुढे एका बाईला पोटातला, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला कर्करोग आहे असे ठरवून सर्वांनी हात टेकले होते. डोनाल्डना त्यांच्या यंत्राने ती पाण्याने भरलेली, बीजकोशाची भली थोरली गाठ असल्याचे दाखवले. ती काढली आणि बाई वाचली. १९५८ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा निबंध आला. ही गोष्ट सांगताना नव्या यंत्राचे कौतुक सगळे करतात. मला मात्र ते आधीचे नाव आठवते : चित्र पाहून बाईला चिकटवलेले, आणि सर्वांनी खरे मानलेले.

त्यानंतर १९७१ मध्ये सीटी स्कॅन आले, आणि १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकाने चित्र काढण्याची रीत दाखवली. तिच्यासाठी त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले. या एमआरआयने अखेर मांसाला न्याय दिला. शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या अणूंना चुंबकात रांगेला लावायचे, रेडिओच्या लहरीने हलवायचे आणि ते पुन्हा जागेवर येताना काय कुजबुजतात ते ऐकायचे, असा साधारण प्रकार. मुलाला अर्धा-पाऊण तास हलायचे नसते आणि यंत्र तर ढोल बडवल्यासारखे वाजते, म्हणून अगदी लहानांना झोपेचे औषध द्यावे लागते. पण चित्र काय येते! स्नायूंची एकेक वीण, त्यांमधून जाणारी रक्तवाहिनी, मज्जातंतू. गाठ किती मोठी, कातडीखालच्या चरबीत आहे की खाली स्नायूत शिरली आहे, धमनीला टेकली आहे की तिला वेढून बसली आहे, हे सगळे दिसते. रोग फुफ्फुसात गेला आहे का हे छातीच्या सीटी स्कॅनवर पाहतात. म्हणजे कुठे, किती, कुठवर, या प्रश्नांना चित्र चोख उत्तर देते.

'काय?' या प्रश्नापाशी ते थबकते. पाण्याचा अंश अधिक असेल ते एका प्रकारच्या चित्रात पांढरे दिसते. मग तो पू असो, साकळलेले रक्त असो, साधी पाण्याची गाठ असो की सार्कोमा असो. गुडघ्याजवळ आटोपशीर कडांची, गोंडस, महिनोन् महिने फारशी न वाढणारी गाठ दिसते. कुणीही म्हणेल, साधीच आहे. ती सायनोव्हियल सार्कोमा निघू शकते. तान्ह्या मुलाच्या हातावर लालनिळी, रक्ताने भरलेली गाठ येते. रक्तवाहिन्यांची असली गाठ मुलांत नेहमीची, पुष्कळदा आपली आपण ओसरणारी. पण क्वचित् तेच रूप घेऊन तान्ह्यांचा फायब्रोसार्कोमा आलेला असतो. सोंग घेण्यात या गाठी बहुरूप्यालाही हरवतील.

याच्या अगदी उलटही घडते, आणि ते मला अधिक विचार करायला लावते. खेळताना मुलाच्या मांडीला जबर मार बसतो आणि काही दिवसांनी तिथे टणक गाठ येते. एमआरआयमध्ये ती इतकी भयंकर दिसते की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. सुरुवातीच्या दिवसांत तिचा तुकडा भिंगाखाली ठेवला तर तिथेही ती सार्कोमासारखी दिसून फसवू शकते. प्रत्यक्षात दुखावलेल्या स्नायूत शरीर हाड घडवू लागलेले असते, दुसरे काही नाही. काही आठवडे थांबले की साध्या एक्स-रेत गाठीच्या कडेने चुन्याचे कडे उमटते आणि सारा उलगडा होतो. इथे काळ हाच परीक्षक. म्हणजे एका गाठीत थांबणे शहाणपणाचे आणि दुसरीत थांबणे घातक. आणि पहिल्या दिवशी दोघींचे चेहरे सारखे! धीर धरावा की घाई करावी, हे सुभाषितांनी ठरत नाही.

नाव कळते ते तुकडा काढल्यावर. सुईने घेतलेला बारीकसा तुकडा रोगनिदानतज्ज्ञ रंगवून भिंगाखाली पाहतात. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाने १९४१ साली दार उघडले तेव्हापासून अशा किती तुकड्यांनी किती घरांचे भवितव्य तिथे सांगितले असेल! आता भिंगाच्याही पुढे जावे लागते. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाच्या एका जातीत दुसऱ्या आणि तेराव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले जातात आणि पॅक्स-३ व फॉक्सो-१ या दोन जनुकांचे भलतेच लग्न लागते. हे १९९३ मध्ये उमगले. ते लग्न लागले आहे की नाही यावर रोग किती आडदांड हे ठरते, आणि उपचारही. हे कुठल्याही फोटोत दिसत नाही.

आणि म्हणूनच 'काढून टाका एकदाची' या वाक्याची मला भीती वाटते. ते दयेपोटी बोललेले असते. मूल घाबरलेले, आई रडवेली, गाठ तर हाताला लागते आहे. गावातला सर्जन आवाळू समजून चीर देतो आणि ती काढतो. ती साधी निघाली तर त्याचे नाव होते. सार्कोमा असेल, तर त्याच्या पेशी जखमेत सर्वत्र सांडतात, खरी कड कुठे होती हे कुणालाच सांगता येत नाही आणि पुढच्या सर्जनला पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा भाग कापावा लागतो. सुईदेखील कुठून घालायची हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच विचारून ठरवतात, कारण सुईची वाटही नंतर काढून टाकावी लागू शकते. तेव्हा आधी चित्र, मग तुकडा, मग नाव, मग उपचार. हा क्रम पाळणारा डॉक्टर आईबापांना थंड वाटतो, आणि मोडणारा मायाळू.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. आमच्या अहवालांची डॉक्टरमंडळीच चेष्टा करतात. 'अमुक असणे संभवते, तमुक नाकारता येत नाही, रुग्णाच्या तपासणीशी ताडून पाहावे' ही आमची भाषा. एक ज्येष्ठ सर्जन मला नेहमी म्हणत, 'तुमचं आपलं कायमच नरो वा कुंजरो वा!' मी हसत असे, पण ती उपमा मला कधीच पटली नाही. धर्मराजाला ठाऊक होते की हत्ती मेला आहे. ठाऊक असून त्याने ते अशा रीतीने सांगितले की ऐकणाऱ्याने भलतेच समजावे. त्याचे शब्द संदिग्ध होते, मन संदिग्ध नव्हते. आमचे उलटे असते. आमचे मनच संदिग्ध असते आणि शब्द त्याच्याशी इमान राखतात. माहीत नसलेले माहीत नाही म्हणणे आणि माहीत असलेले धुक्यात लपवणे, ही दोन्ही वाक्ये कागदावर सारखीच दिसतात. त्यांतले पाप कुठल्यात आहे हे बोलणाऱ्यालाच कळते.

पण एवढ्यावर सुटका होत नाही. कारण 'ठाऊक नाही' हेही पुरते खरे नसते. हजारो चित्रे पाहिलेल्या डोळ्याला संशय येतो, आणि संशय म्हणजे अज्ञान नव्हे. तो संशय कुणाचा? अहवालात तो स्वच्छ लिहायचा, याबद्दल वाद नाही. आईबापांना सांगायचा का? माझे एक शिक्षक सांगत, आपण चित्राशी बोलावे, माणसांशी नव्हे. ते काम ज्याने रुग्ण पाठवला त्या डॉक्टरचे. शिस्त म्हणून हे ठीक आहे, आणि पुष्कळदा मी ती पाळली. पण एका दिवाळीत ती शिस्त मला पुरली नाही.

लातूरकडची माणसे होती. नऊ वर्षांची मुलगी, पोटरीत खोलवर गाठ. चित्र पाहून मला जे वाटायचे ते वाटले. मी बाहेर आले, डॉक्टरांकडे अहवाल पाठवते म्हणाले आणि वळणार, तोच वडील म्हणाले, "बाई, सोयाबीन काढायला आलंय. दिवाळी तर चार दिवसांवर. पोरीला घरी नेतो, भाऊबीज झाली की घेऊन येतो. चालेल ना?"

या प्रश्नाला मौनात उत्तर नव्हते. 'तुमच्या डॉक्टरांना विचारा' म्हटले असते, तर डॉक्टर त्या दिवशी नव्हते आणि रात्रीची गाडी ठरलेली होती. मी गप्प बसते तर त्याचा अर्थ 'चालेल' असाच होता. मी म्हणाले, "नाही चालणार."

त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. मग हळूच विचारले, "म्हणजे, तसलंच काही हाय का?" त्या रोगाचे नाव आपल्याकडे घेत नाहीत.

"ते मला ठाऊक नाही," मी सांगितले. "तसलं असू शकतं. नसूही शकतं. तुकडा तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पण असेल, तर थांबण्यात नुकसान आहे. नसेल, तर ही दिवाळी इथं काढावी लागेल, एवढंच."

इतका वेळ आई बोललीच नव्हती. ती म्हणाली, "निदान एवढं तरी सांगा, बाई. आमचं काही चुकलं का?"

'निदान' या शब्दाचे हे दोन अर्थ आपल्या भाषेत कसे एकत्र आले हे पंडितांना विचारावे लागेल. संस्कृतात निदान म्हणजे मूळ कारण. माधवकराच्या जुन्या वैद्यकग्रंथाच्या नावात तोच अर्थ आहे. मराठीत रोग ओळखणे म्हणजेही निदान, आणि 'कमीत कमी' म्हणजेही निदान. त्या बाईने शब्द वापरला तो कमीत कमीच्या अर्थाने, विचारले मात्र मूळ कारण. आणि त्या संध्याकाळी ज्याचे पक्के उत्तर मला देता आले असा तो एकच प्रश्न होता. "तुमचं काहीही चुकलेलं नाही," मी म्हणाले. "ती पडली म्हणून नाही, खाण्यापिण्यातलं काही नाही, तेल लावल्यानं नाही. गाठ कसलीही निघो, ती तुमच्या हातून झालेली नाही."

माझ्या एका सहकाऱ्याला हे आवडले नाही. त्याचे म्हणणे, तू एका तर्कावर त्यांची दिवाळी नासवलीस. उद्या गाठ साधी निघाली तर? नासवली, हे खरेच आहे. मागे एकदा मांडीत हाड धरलेल्या मुलाच्या बापाने सगळे सुखरूप पार पडल्यावर 'उगाच तीन आठवडे जीव टांगणीला लावलात' म्हणून मला खडसावले होते. त्याचा राग न्याय्य होता. तरी मी दोन्ही गोष्टी तागडीत घालते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा झालेल्या मुलांपैकी शंभरात पंचवीसच्या आसपास मुले पाच वर्षे पार करीत. १९९१ पर्यंत ती संख्या सत्तरच्या वर गेली. हे साधले ते औषधे, किरण आणि शस्त्रक्रिया यांच्या मेळाने, आणि ज्यांचा रोग पसरण्याआधी हाती लागला त्यांना त्याचा लाभ अधिक झाला. पसरलेल्या रोगात आजही यश थोडेच. एका पारड्यात हे असताना दुसऱ्यात चार पणत्या आणि एक सोयाबीनचा खळा किती भरतील? सहकारी म्हणाला, हे तू ठरवायचे नाहीस. तेही खरे. म्हणून तर सांगायचे, की त्यांनी ठरवावे!

त्या मुलीच्या तुकड्यात पुढे काय निघाले ते मी इथे जाणून सांगत नाही. सांगितले तर वाचक त्यावरून माझे उत्तर बरोबर होते की चूक हे ठरवतील. वाईट निघाले असेल तर मी द्रष्टी, साधे निघाले असेल तर घाबरट. पण आठवड्याने आलेल्या कागदाने त्या संध्याकाळचे बोलणे खरे किंवा खोटे होत नाही. त्या वेळी जे ठाऊक होते आणि जे नव्हते, त्यावरच ते तोलायला हवे.

मोठ्यांचे एवढे झाले. मुलांचे काय? १९६१ साली शिकागोच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांच्यापैकी शंभरात नव्वदांनी सांगितले की कर्करोग झाल्याचे रोग्याला न सांगणेच त्यांना पसंत आहे. १९७९ मध्ये तोच प्रश्न पुन्हा अमेरिकेतल्या डॉक्टरांना विचारला, तर शंभरात सत्त्याण्णव सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत माणसाचा स्वभाव बदलत नाही. बदलले ते एवढेच, की सांगण्यासारखे, करण्यासारखे काहीतरी हातात आले. आपल्याकडे मोठ्या माणसांनाही अजून आडून आडून सांगतात, मग मुलांची गोष्टच सोडा. 'तिला काही कळत नाही' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले तितक्या वेळा ते मूल कान टवकारून बसलेले पाहिले. सगळे एकदम सांगावे असे मी म्हणत नाही. पण मूल विचारील तेवढ्याचे तरी खरे उत्तर द्यावे, कारण त्याच्या अंगात सुई जाणार आहे, आपल्या नव्हे.

ती मुलगी आईच्या पाठीमागून पुढे आली आणि म्हणाली, "मला दाखवा माझा फोटो." मी तिला आत नेऊन पडद्यावर दाखवला. आडवी कापलेली पोटरी : कडेने चरबीचे पांढरे वेढे, आत करडे स्नायू, हाडांची दोन वाटोळी.

"कापलेल्या पेरूवानी दिसतंय," ती म्हणाली. "आणि हे?"

"ती तुझी गाठ."

"कशाची हाय?"

"तेच शोधायचंय. तुला झोपवून बारीक सुईनं चिमूटभर तुकडा काढणार आणि भिंगाखाली बघणार. झोपेत दुखणार नाही. जागी झालीस की थोडं दुखेल."

"मग कळलं की मला सांगाल?"

मी तिच्या वडिलांकडे पाहिले. त्यांनी बायकोकडे पाहिले. ती काही वेळ पडद्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "सांगू की."

मुलीचे तेवढ्याने समाधान झालेले दिसले. फोटो घरी न्यायला मिळतो का, असे तिने विचारले. मी फिल्म पाकिटात घालून दिली. पाकीट तिच्या कमरेपर्यंत येत होते. वडील ते घेऊ लागले तर तिने दिले नाही.